मूळ स्थिती

करंजखोरी पुणे शहराच्या हद्दीत गेली त्याला चार वर्षं झाली, पण पुणं काही करंजखोरीत आलं नाही. पाणी विहिरीचंच राहिलं, रस्ता खडीचाच राहिला, दिवे लागले ते फाट्यापर्यंत. आले ते फक्त कागद. पूर्वी ग्रामसेवकाला गाठलं की भागायचं. आता गोठ्यावर पत्रा घालायचा तरी शहरातल्या कचेरीची पायरी चढावी लागे. महिपती खाटपे म्हणायचा, गावाचं लगीन लागलं खरं, पण सासरच्यांनी अजून पोरीचं तोंड पाहिलेलं नाही, नुसत्या चिठ्ठ्या येतात.

महिपतीची जमीन धरणाच्या पाण्यावर उतरणाऱ्या डोंगराच्या कुशीत होती. जमीन म्हणजे तरी काय, त्याच्या बापानं डोंगराकडून हिसकावून घेतलेला तुकडा. उतारावर दगडाची कोरडी भिंत रचायची आणि तिच्या मागं माती अडवायची. काही पाऊस आणतो, काही डोक्यावरून वाहावी लागते. मग तेवढा तुकडा सपाट होतो. या भिंतीला ताल म्हणतात. म्हाताऱ्यानं अठरा वर्षं खपून दीडशे फूट लांब आणि पुरुषभर उंच ताल घातली. त्यात तो कमरेत वाकला तो मरेपर्यंत सरळ झाला नाही. तालीमागच्या चार गुंठ्यांत आधी नाचणी झाली, मग भुईमूग झाला आणि गेली तीन वर्षं तिथं तंबू उगवत होते.

तंबू सुनेचे. ऋतुजा भोरकडची, बारावी झालेली, बोलायला गोड आणि कामाला वाघीण. नवरा संपत वाघोलीत एका कंपनीची गाडी चालवायचा, तिथंच खोली घेऊन राहायचा आणि पंधरा दिवसांनी एकदा घरी यायचा. ऋतुजानं सहा तंबू आणले, मोबाइलवर फोटो टाकले आणि शनिवारी पुण्याची माणसं यायला लागली. ती चुलीवरचं पिठलं खायची, इथं किती शांत आहे असं एकमेकांना ओरडून सांगायची आणि रविवारी दुपारी परत जायची. महिपतीला आधी हसू यायचं. पण घरात चार माणसं आली-गेली की त्याला बरं वाटायचं, हेही खरं.

जूनमध्ये चिठ्ठी आली. विनापरवाना पर्यटकांची सोय करता, ती बंद करा किंवा रीतसर परवानगी घ्या, मुदत डिसेंबरअखेर. ऋतुजानं विचार केला की परवानगी घ्यायचीच तर तंबूंची कशाला, न्हाणीघरासकट चार लहान खोल्यांची घेऊ. अर्ज तिच्या नावानं गेला. संपतनं त्या रविवारी आईसमोर शब्द दिला, की खोल्या झाल्या तर वाघोली सोडून घरी येतो. महिपती तेव्हा बाहेर ओट्यावर बसला होता. त्याला एकच पोरगा, आणि तो नऊ वर्षं पाहुण्यासारखा येऊन जात होता. खोल्यांचं त्याला काही पडलेलं नव्हतं. त्याला पोरगा घरी हवा होता.

नकाशाचं काम सदाशिव पेठेतल्या प्रियदर्शनी मॅडमकडं दिलं होतं. बाई हुशार, पण बोलणं असं की चहा विचारला तरी माणसानं नको म्हणावं. सासरे-सून दोघं त्यांच्या टेबलासमोर बसले तेव्हा त्यांनी पेन्सिलीनं तिरकी रेघ ओढली.

"डोंगरउतारावर बांधकाम चालत नाही. पाच फूट चालल्यावर एक फुटाहून जास्त चढ असेल, तर विषय संपला. सरकारी नकाशात तुमची जागा चाराला एक आहे, म्हणजे बाद. पण तुमच्या त्या तालीमुळं प्रत्यक्षात वावर सपाट आहे. जागेवर मोजलं तर आपण बसतो. मी प्रत्यक्ष मोजणी मागितलीय."

मग त्या महिपतीकडं वळल्या. "परवानगी मिळालीच तर ती तुमच्या वडिलांच्या कृपेनं, माझ्या नाही. मोजणी होईपर्यंत जागेला हात लावू नका. सुशोभीकरण तर अजिबात नको. ताजी खणती दिसली की डोंगरफोड म्हणून लिहितात."

महिपतीनं मान डोलावली. पण त्याच्या डोक्यात बसलं ते पहिलंच वाक्य. शहरातल्या शिकलेल्या बाईनं त्याच्या बापाचं नाव काढलं होतं. येताना मंडईत उतरून त्यानं बायकोला, द्वारकेला, सीताफळं घेतली आणि घरी जाऊन तिला ते वाक्य दोनदा सांगितलं.

मोजणीची तारीख ठरली आणि बरोबर आठ दिवस आधी हस्ताचा पाऊस कोसळला. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. दोन दिवस डोंगरावरून पाणी नुसतं लोटत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी महिपती वावरात गेला तर तालीला दहा फुटांचं खिंडार. दगड खालच्या करंजांपर्यंत गडगडले होते आणि वावरातली माती त्या खिंडारातून लाल होऊन धरणाकडं चालली होती. त्यानं छत्री टाकली आणि आधी नुसत्या हातांनी दोन दगड आडवे लावले, पण पाण्यानं ते त्याच्या देखत ढकलून दिले.

ऋतुजानं पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. पण ती डगमगली नाही. तिनं तंबूंचं जाड प्लास्टिक आणून खिंडारावर ताणलं, वर पोती ठेवली. "मामा, सहा दिवस असंच राहू द्या," ती म्हणाली. "मोजणी झाली की तुम्ही म्हणाल तशी बांधू. आत्ता टिकाव मारायचा न्हाई."

महिपती हो म्हणाला. आणि म्हणताना तो खोटं बोलत नव्हता.

दुसऱ्या दिवशी ऋतुजा पुण्याला गेली. प्रतिज्ञापत्रावर नवरा-बायको दोघांच्या सह्या हव्या होत्या, त्यामुळं तिचा चार दिवस वाघोलीतच मुक्काम होता. इकडं पाऊस थांबून थांबून पडत राहिला. प्लास्टिकखालून पाणी वाट काढी आणि वावर रोज हातभर खचे. ज्यानं आयुष्यभर माती डोक्यावर वाहिली, त्याला डोळ्यांपुढं माती जाताना बसवत नाही. ताल फुटली की त्याच दिवशी बांधायला घ्यायची, पोटात अन्न नंतर, हे त्याच्या बापानं त्याला सांगितलं नव्हतं. करून दाखवलं होतं. शिवाय त्याचा सरळ हिशेब असा, की वावरच राहिलं नाही तर साहेब मोजणार काय?

"पोरगी नको म्हनली हाय," द्वारका म्हणाली.

"पोरगीला ताल कुठं ठावं हाय," असं म्हणून त्यानं पहार उचलली.

शेजारचा भैरू त्याच्याच वयाचा, गुडघे गेलेला, पण ताल म्हटल्यावर न बोलावता आला. तिघांनी मिळून दगड वर ओढले. मोठा दगड दोन म्हाताऱ्यांना उचलेना, तर पहारीनं एक-एक वीत सरकवला. महिपती दगड हातात घेऊन फिरवून पाहायचा, त्याचं तोंड कुठलं ते ठरवायचा आणि एकदाच ठेवायचा. दगड बसला की सांदीत कपच्या ठोकायचा. त्याची अंगठ्याची नखं काळी पडली, कमरेत कळ उठू लागली, पण ताल वर येत होती तसा त्याला हुरूप येत होता. भर घालायला मुरूम लागला. तो त्यानं घेतला तिथूनच, जिथून बाप घ्यायचा: वावराच्या वरच्या दरडीतून. वरचं खाली आणायचं, ही तिथली रीतच. द्वारकेनं घमेल्यामागं घमेलं वाहिलं आणि दरडीला बैलगाडीएवढा लालभडक घाव पडला.

तीन दिवसांत खिंडार बुजलं. तिथं थांबला असता तरी एक वेळ निभावलं असतं. पण चौथा दिवस हाताशी उरला आणि महिपतीला वाटलं, साहेब येणार, बाईनं बापाचं नाव घेतलेली ताल अशी गबाळी कशी दाखवायची? त्यानं सबंध दीडशे फुटांवरचं गवत उपटलं, शेवाळ खरवडलं, सुटलेल्या सांदी कपच्यांनी भरल्या. संध्याकाळी ताल नवऱ्या मुलासारखी उभी होती.

ऋतुजा आली ती अंधार पडता पडता, मोजणीच्या आदल्या दिवशी. तिनं मोबाइलच्या उजेडात ताल पाहिली, मग दरड पाहिली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त प्लास्टिक काढून दरडीवर टाकलं आणि कडेनं दगड ठेवले. "उद्या साहेबांनी काय विचारलं तर मी बोलीन," एवढंच म्हणाली. मग तिला जेवण गेलं नाही.

साहेब म्हणजे शुभंकर नावाचा पोरगेला इंजिनिअर, पायात नवे बूट, बरोबर मोजणीचं यंत्र घेतलेला शिपाई. पोरगा उद्धट नव्हता. त्यानं काकूंच्या हातचा चहा घेतला, पाण्याकडं पाहून व्ह्यू मस्त आहे म्हणाला. तालीपाशी आल्यावर थांबला आणि खालपासून वरपर्यंत पाहत राहिला.

"काय सुंदर काम आहे. सिमेंट नाही ना यात?"

"थेंब न्हाई," महिपती म्हणाला. त्याची छाती भरून आली होती.

"कधी केलं हे?"

ऋतुजानं तोंड उघडलं होतं. पण सासऱ्याच्या पुढं तिचा शब्द यायला उशीर झाला.

"परवाच झालं की. तीन दिवसांत उभं केलं, आमी तिघांनी."

ती लगेच सांगू लागली, की ताल जुनी आहे, आजेसासऱ्यांच्या हातची, फुटली होती तेवढीच बांधली. शुभंकरनं कुठून कुठपर्यंत फुटली होती ते विचारलं. महिपतीनं हातानं दाखवलं. पण सगळी ताल एकसारखी लख्ख, जुनं कुठं संपतं आणि नवं कुठं सुरू होतं ते दाखवणाऱ्या बोटालाही कळेना. तेवढ्यात शिपायानं दरडीवरचं प्लास्टिक उचललं. फोटो निघाले. यंत्र पेटीतून बाहेरच आलं नाही. शुभंकर म्हणाला की आधी याचा निकाल लागेल, मोजणी नंतर. त्यानं लिहून घेतलं ते असं: अर्जदारानं डोंगर फोडून दीडशे फूट नवीन दगडी बांधकाम केलं आहे.

रात्री पानं मांडली गेली. महिपतीला वाटत होतं, सुनेनं दोन शब्द ताडताड बोलावेत. तिनं त्याच्यापुढं ताट ठेवलं, भाकरी वाढली, हवं-नको विचारलं. आपल्या जिभेनं आपणच घात केला, हे त्याला कळत होतं.

पंधरा दिवसांनी शहरातल्या कचेरीत सुनावणी झाली. महिपतीनं धुतलेलं धोतर नेसून भैरूला साक्षीला नेलं. सकाळी दहाची वेळ होती, आत बोलावलं तीन वाजता. तोवर जिन्यात बसून राहिले, कारण बाक भरलेला होता. येणारा-जाणारा त्यांना ओलांडून जाई. आतल्या वरिष्ठ बाई शांत होत्या, आवाज चढवत नव्हत्या. सातबारावर तालीची नोंद नव्हती. उपग्रहाच्या फोटोत तिथं करंजांची सावली होती आणि ऋतुजाच्या मोबाइलवरच्या फोटोंत नुसते तंबू आणि खालचं पाणी; ताल कशातच दिसत नव्हती. भैरू म्हणाला, मी डोळ्यांनी पाहिलेली हाय, तेव्हा बाई म्हणाल्या की साक्षीला कागद लागतो, आजोबा. आणि त्यांनी निकाल सांगितला: नवीन बांधकाम काढा, जागा महिन्याभरात मूळ स्थितीत आणा, नाहीतर अर्जदारावर गुन्हा दाखल होईल.

"मूळ स्थिती म्हंजी कुठली, बाईसाहेब?" महिपतीनं विचारलं. "मी बांधायच्या आधीची, का माझ्या बापानं बांधायच्या आधीची?"

"नकाशात आहे ती," बाई म्हणाल्या आणि पुढचं नाव पुकारलं गेलं.

प्रियदर्शनी मॅडमनी कागद वाचून चष्मा काढला. "काढली तर उतार वाढणार. नाही काढली तर गुन्हा, तोही हिच्यावर. इकडं आड, तिकडं विहीर आहे, आणि तुम्ही दोन्हींत पाय घालून बसलात." मग नेहमीपेक्षा हळू आवाजात म्हणाल्या, की माती वाहून न जाता नीट पसरली आणि चढ पाचाला एकच्या आत राहिला, तर मोजणीत अजून बसेल. त्या एका वाक्यावर घर पुढचे तीन आठवडे जगलं.

संपत रजा काढून आला. तो जेसीबी सांगू म्हणाला, पण जेसीबी दिसला की आणखी एक कागद येणार. म्हणून ताल हातानं काढायची ठरली. ज्या तालीला बापाला अठरा वर्षं लागली तिला पंधरा दिवस पुरले. महिपती वरून एक-एक दगड सोडवायचा, संपत तो खाली न्यायचा. गाडीच्या स्टिअरिंगला सरावलेले त्याचे हात दुसऱ्याच दिवशी फुटले; ऋतुजानं जुन्या साडीच्या चिंध्या गुंडाळून दिल्या. खालच्या थरातले दगड निघायला तयार नव्हते. ते इतके नेमके बसवलेले होते की पहारीचं टोक जायला फट सापडेना. घण घालावा लागला. बाप जिवंत असता तर त्यानं हात धरला असता; की नातसुनेवर गुन्हा येतो म्हणून स्वतःच घण उचलला असता, हे काही त्याला ठरवता येईना.

मग माती. चौघं मिळून ती खालच्या अंगाला ओढत होते, पसरत होते, धुम्मसानं ठोकत होते. ऋतुजानं दोऱ्या बांधून, फूटपट्टी घेऊन रोज चढ मोजला. पाचाला एक, साडेपाचाला एक. तिच्या तोंडावर पुन्हा जरा रंग आला. ती दूरदूरवरून हरळीचे गड्डे उपटून आणायची, द्वारका ते ओळीनं लावायची, महिपती खांद्यावरून पाणी आणून घालायचा. संपत एका संध्याकाळी वाकून माती ठोकता ठोकता म्हणाला, "आण्णा, बसंल बगा." पोरगा इतके दिवस सलग घरात राहिला होता, बापाच्या शेजारी जेवत होता, आणि महिपतीला मनातून सुख होत होतं. अशा कामात सुख व्हावं याची त्याला लाजही वाटली.

हरळी धरायला महिना लागतो. पाचव्या दिवशी अवकाळी आला, ऐन नोव्हेंबरात, गारांसकट. दुपारी तीनला सुरू झाला तो साडेपाचला थांबला. चौघं गोठ्याच्या दारात उभे राहून पाहत होते. संपत प्लास्टिक घेऊन धावला, पण वाऱ्यानं ते त्याच्या हातातून नेलं. अडवायला भिंतच नव्हती. माती थांबणार कशावर? पाऊस उघडल्यावर वावराच्या जागी काळा कातळ होता, ओला आणि चकचकीत, इथंतिथं हरळीचे दोन-चार गड्डे चिकटलेले. महिपतीनं जन्मात तो कातळ पाहिला नव्हता. बापानं तो त्याच्या जन्माआधीच झाकला होता.

शुभंकर ठरल्या तारखेला आला. आता यंत्र पेटीतून निघालं. शिपाई पट्टी घेऊन कातळावर घसरत घसरत चढला. तीन ठिकाणी मोजलं. शुभंकरनं आकडे मांडले, पुन्हा मांडले आणि मान खाली घालूनच म्हणाला, "चाराला एक. नकाशाप्रमाणंच आहे."

ऋतुजानं एवढंच विचारलं, की तंबूंचं काय. परवानगीशिवाय तेही नाही, तो म्हणाला. संपत लगेच वळला आणि वर गोठ्यापाशी हलवलेल्या तंबूंच्या मेखा उपटायला गेला. त्याची रजा संपली होती. आणि ऋतुजानं रात्रीच आपलं सामान बांधून ठेवलं होतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. वाघोलीत तिला एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात काम मिळण्यासारखं होतं.

शुभंकरनं फायलीतून पंचनाम्याचा कागद काढला. जमीनमालक म्हणून महिपतीची सही हवी होती. महिपती चौथी शिकलेला. त्यानं कागद गुडघ्यावर धरला आणि बोट फिरवत, अक्षर-अक्षर लावत, मोठ्यानं वाचला.

"सदर जागेवर पूर्वी कोणतीही ताल, बांध अथवा बांधकाम अस्तित्वात नव्हते. अर्जदाराने केलेले नवीन बांधकाम काढून जागा मूळ नैसर्गिक स्थितीत आणली आहे."

त्यानं मान वर केली. "हे खोटं हाय."

"काका, मला कळतंय ते," शुभंकर म्हणाला. "पण आधी ताल होती असं लिहिलं तर पुरावा मागतील, आणि केस बंद होणार नाही. वहिनींचं नाव आहे त्यात. सही झाली की आजच बंद होते."

महिपतीनं सुनेकडं पाहिलं. तिच्या बोटांची टोकं माती ठोकून ठोकून सोलली होती. ती त्याच्याकडं पाहत नव्हती, खालच्या दगडांच्या राशीकडं पाहत होती.

"करा मामा सही," ती म्हणाली. "माझ्यानं आता कचेरीत बसवायचं न्हाई."

त्यानं सही केली. नाव नेहमीपेक्षा मोठं आलं. शुभंकरनं कागद फुंकर घालून वाळवला, फायलीत घातला, पाणी मागून प्यायला आणि येतो म्हणून निघाला. शिपायानं यंत्राची पेटी खांद्यावर घेतली. उतारावरून त्यांची पावलं घसरत गेल्याचा आवाज बराच वेळ येत होता.

द्वारका वर गोठ्यापाशी होती, तिला काही ऐकू गेलं नव्हतं. ती कातळावर हात टेकत टेकत खाली आली आणि नवऱ्याशेजारी बसली.

"काय लिव्हलं हुतं वं त्या कागदात?"

"तुझ्या मामंजींनी हितं कायबी केलं न्हाई, असं लिव्हलंय," महिपती म्हणाला. "म्या सही केली."